गाणे कोणाचे? फिनलंडचे लोकसंगीत आणि राष्ट्राची ओळख



विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की उत्तर ध्रुवाकडच्या, पंचावन्न-छप्पन्न लाख वस्तीच्या एका देशातल्या गाण्यांशी आपल्याला काय कर्तव्य? शिवाय आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, संगीत नव्हे. मग हा उपद्व्याप कशासाठी? तर एक जुनी चूक दुरुस्त करायची आहे, म्हणून.

राष्ट्रवादाचे तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही वर्गात वर्षानुवर्षे फिनलंडचे उदाहरण देत आलो. हर्डर हा अठराव्या शतकातला जर्मन विचारवंत. प्रत्येक जनसमूहाला स्वतःचा आत्मा असतो आणि तो त्याच्या भाषेत, त्याच्या लोकगीतांत वसतो, हा त्याचा सिद्धांत. हे सांगून झाले की आम्ही म्हणायचो, 'आता फिनलंड बघा. शतकानुशतके परक्यांच्या अमलाखाली असलेल्या लोकांना एका डॉक्टरने त्यांची गाणी गोळा करून दिली, त्या गाण्यांतून त्यांना आपण कोण हे कळले आणि त्यातून एक राष्ट्र उभे राहिले.' उदाहरण इतके चपखल बसायचे की मुले ते परीक्षेत लिहायची आणि आम्ही त्यांना गुणही द्यायचो. आज आमचे म्हणणे असे आहे की ही गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि जी अर्धी राहून जाते तिच्यात गाणाऱ्या माणसांचा हिशेब आहे.

आधी घडले काय ते थोडक्यात पाहू. फिनलंड 1809 पर्यंत स्वीडनच्या राज्यात होता. त्या वर्षी तो रशियाच्या झारकडे गेला, आणि 6 डिसेंबर 1917 रोजी स्वतंत्र झाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शिकलेल्या लोकांची भाषा स्वीडिश होती. फिनिश ही शेतकऱ्यांची, चुलीपाशी बोलायची भाषा. 1831 साली हेलसिंकीत फिनिश साहित्य संस्था स्थापन झाली. एलियास ल्योनरोत हा तिचा पहिला चिटणीस. शिंप्याचा मुलगा, पुढे डॉक्टर झालेला. कायानी नावाच्या आडगावी सरकारी वैद्यकी करताना हा माणूस पूर्वेकडे पायी, होडीने, बर्फावरून हिंडला, लोक गातील ते उतरवून घेतले आणि 1835 मध्ये 'कालेवाला' प्रसिद्ध केले. 1849 च्या वाढवलेल्या आवृत्तीत पन्नास सर्ग आणि 22,795 ओळी आहेत. मधल्या काळात, 1840 साली, भावगीतांचा 'कान्तेलेतार' आला. त्यातली पुष्कळ गाणी बायकांची आहेत, दळतानाची आहेत. दळतानाची म्हटल्यावर आपल्याला वेगळे काही सांगायला नको.

हे गाणे असते कसे? ओळ साधारण आठ अक्षरांची. यमक नाही, पण एका ओळीतले शब्द एकाच ध्वनीने सुरू होतात. पहिल्या ओळीत जे म्हटले तेच दुसरी ओळ वेगळ्या शब्दांत म्हणते. चाल चार-पाच सुरांच्या आत फिरते, आणि पुष्कळदा पाच मात्रांची असते. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. जोडीला कधी कान्तेले हे वाद्य. जुने कान्तेले एकाच लाकडात कोरलेले, पाच तारांचे, मांडीवर घेऊन बोटांनी छेडायचे. पाच सूर, पाच तारा, पाच मात्रा. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत रात्रभर गाता येते, कारण तिथे चालीचे नावीन्य कोणी मागतच नाही. शब्द लक्षात राहावे म्हणून चाल असते, आणि चालीवर स्वार होऊन शब्द येत राहतात.

आता पहिली अडचण. ही गाणी ल्योनरोतला मिळाली कुठे? मुख्यतः व्हिएना कारेलियात, म्हणजे पांढऱ्या समुद्राकडच्या कारेलियात. हा मुलूख फिनलंडच्या सरहद्दीपलीकडचा, तेव्हाही रशियाचा आणि आजही रशियाचाच. 1834 साली लात्वायार्वी गावात आर्हिप्पा पेर्त्तुनेन नावाचा शेतकरी त्याला भेटला. संग्रहातले सर्वश्रेष्ठ गायक म्हणून आजही त्याचेच नाव घेतात. हे लोक ऑर्थोडॉक्स पंथाचे, बोलायचे कारेलियन. फिनिशची ही सख्खी बहीण, पण भाषा वेगळी. खुद्द पश्चिम फिनलंडात ही जुनी गाणी बरीच पुसली गेली होती, कारण लूथरन पाद्र्यांना त्यांत मूर्तिपूजा आणि जादूटोणा दिसायचा. म्हणजे फिनिश राष्ट्राचा आत्मा जिथे सापडला तिथे फिनलंड नव्हते; आणि जिथे फिनलंड होते तिथे तो आत्मा धर्मोपदेशकांनी कधीच हुसकून लावला होता!

दुसरी अडचण रचनेची. 'कालेवाला'तल्या ओळी बहुतांशी लोकांच्या तोंडच्या आहेत, हे खरे. पण त्या एका सूत्रात ओवल्या ल्योनरोतने. पन्नास सर्गांची ही सलग कथा कोणाही एका गायकाने कधी गायलेली नव्हती. आर्हिप्पाने वेगवेगळी गाणी गायली. महाकाव्य बांधले ते डॉक्टरसाहेबांनी. गंमत अशी की शंभर-दीडशे वर्षांनंतर, खरेखुरे गायले जाणारे दीर्घ महाकाव्य कसे असते हे तपासायला फिनलंडचेच एक मोठे लोकसाहित्यशास्त्रज्ञ, लाउरी होन्को, आपल्या शेजारी येऊन राहिले. कर्नाटकच्या किनाऱ्यावर, तुळू मुलखात, गोपाल नाईक या गायकाकडून त्यांनी सिरीचे महाकाव्य उतरवून घेतले. 1998 मध्ये ते छापले गेले, 15,683 ओळींचे. तिथे गायक एक आणि काव्यही एक. पुस्तक ज्याच्या तोंडून उतरले त्याचे नाव त्या कामात अग्रभागी राहिले. 'कालेवाला'च्या देशातल्या विद्वानाने ही रीत पाळली याला आम्ही प्रायश्चित्त म्हणणार नाही, पण शिकलेला धडा जरूर म्हणू.

तिसरी अडचण आमच्या मते सगळ्यांत मोठी. गाणे गोळा करून पुस्तक केले, तेव्हा गाणे मागे राहिले. 'कालेवाला' हे वाचायचे पुस्तक आहे. सुशिक्षितांनी ते दिवाणखान्यात डोळ्यांनी वाचले, चित्रकारांनी त्याची चित्रे काढली, शाळांनी ते पाठ करून घेतले. आवाज गेला आणि मजकूर उरला. हर्डरच्या सिद्धांतात आत्मा गीतात असतो. प्रत्यक्षात राष्ट्राने जे उचलले ते गीताचे छापील रूप होते. मेणाच्या नळकांड्यांवर आवाज धरून ठेवायला संशोधक खेड्यांत गेले ते विसाव्या शतकात. ए. ओ. व्हॅइसॅनेन यांनी 1916-17 मध्ये सीमेवरच्या कारेलियात म्हाताऱ्या कान्तेलेवादकांना भेटून त्यांच्या चाली टिपल्या. त्यांनी हे केले नसते तर फिनिश राष्ट्राला आपले राष्ट्रवाद्य नुसते चित्रातच पाहावे लागले असते.

आणि इथे एक बाई आपल्या कथेत येतात. लारिन पारास्के. जन्म 1833, मृत्यू 1904. इंग्रियाच्या, म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या आसपासच्या भागातल्या. शेतमजुरी करायची, अनाथालयातली मुले सांभाळायची, नवरा वारलेला. आदोल्फ नेओव्हिउस नावाच्या पाद्र्याने या बाईंची गाणी लिहून घ्यायला सुरुवात केली आणि लिहितच राहिला. ओळींची संख्या बत्तीस हजारांवर गेली. म्हणजे नुसत्या ओळी मोजल्या तर अख्ख्या 'कालेवाला'पेक्षा अधिक गाणे या एका निरक्षर बाईच्या डोक्यात होते. 1891 मध्ये त्या पोर्वो शहरात राहत असताना तरुण सिबेलियस त्यांचे गाणे ऐकायला गेला. आल्बर्ट एदेलफेल्त आणि एरो यॅर्नेफेल्त या नामवंत चित्रकारांनी त्यांची चित्रे काढली. राष्ट्र घडवणारी सगळी मंडळी त्यांना बघून गेली, ऐकून गेली. त्यानंतर पारास्के आपल्या गावी परतल्या आणि गरिबीतच मेल्या. आज हेलसिंकीत त्यांचा पुतळा आहे.

पुढच्याच वर्षी, 1892 मध्ये, सिबेलियसची 'कुल्लेर्वो' ही वाद्यवृंद आणि गायकवृंदाची मोठी रचना सादर झाली. तिच्या मधल्या भागात पाच मात्रांचा ताल आहे. पुरुषांचा गायकवृंद त्यावर एकसुरात कथा सांगतो, आणि जुन्या गाण्यातला तो न संपणारा, फिरून फिरून तिथेच येणारा झोत आपल्याला जाणवतो. रचना उत्तमच आहे. तरीही सिबेलियस स्वतः सांगत असे की आपण लोकांच्या चाली उचललेल्या नाहीत, सूर आपलेच आहेत. 1899 मधल्या 'फिनलांदिया'तली ती प्रसिद्ध संथ धून जगभर लोकधून समजली जाते. तीही त्याचीच, आणि तिच्यावर शब्द कितीतरी नंतर बसवले गेले. याचा अर्थ काय? लोकांना जे 'अस्सल लोकसंगीत' वाटते ते एका संगीतकाराने रचलेले, आणि जी बाई अस्सल लोकसंगीत गात होती ती संगीतकाराच्या चरित्रातली तळटीप. आम्ही सिबेलियसला दोष देत नाही. पण राष्ट्राच्या हिशेबात जमा कोणाच्या नावावर झाली आणि खर्च कोणी सोसला, हे विचारायला हवे.

आता या सगळ्याचा निष्कर्ष काय काढायचा? इथे दोन मते प्रचलित आहेत, आणि दोन्ही आम्हाला अपुरी वाटतात.

पहिले मत शुद्धतावाद्यांचे. ते म्हणतात, आपले म्हणून काही शुद्ध होते, जागतिकीकरणाने ते भेसळीचे झाले. यांना फिनलंडचा इतिहासच उत्तर देतो. तिथले राष्ट्रगीत घ्या. शब्द रुनेबेर्गचे, मूळ स्वीडिश भाषेत. चाल फ्रेड्रिक पाकिउसची, आणि तो जन्माने जर्मन. 1848 साली ते पहिल्यांदा गायले गेले. तीच चाल आज एस्तोनियाच्या राष्ट्रगीतालाही आहे. बरे, पश्चिम फिनलंडातले खेडोपाडीचे फिडलचे संगीत, ज्याला ते पेलिमान्नी संगीत म्हणतात, ते घ्या. फिडल इटलीकडून आले. पोल्स्का हा नाच पोलंडच्या नावाचा, तो स्वीडनमार्गे आला. वॉल्ट्झ जर्मन-ऑस्ट्रियन मुलखातला, पोल्का बोहेमियातला. आणि साथीला काय, तर हार्मोनियम! आपल्या संगीत नाटकात पायाने भाता मारून वाजवायची ती पायपेटी, तिचीच बहीण. फिनिश लग्नाच्या मांडवात ती इतकी रुजली की तिच्याशिवाय वऱ्हाडी मंडळींना लग्न लागल्यासारखे वाटू नये. टँगोचे तर विचारूच नका. अर्जेंटिनातला हा प्रकार पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फिनलंडात पोचला, दुसऱ्या महायुद्धानंतर खेड्यांतल्या नाचघरांत घुसला, त्याचे सूर उदास झाले, भाषा फिनिश झाली. 1985 पासून सेइनॅयोकी गावात दर उन्हाळ्यात टँगोचा मोठा महोत्सव भरतो. आज एखाद्या म्हाताऱ्या फिनिश माणसाला 'तुमचे गाणे म्हणा' म्हटले तर तो 'कालेवाला' म्हणणार नाही, टँगो म्हणेल. मग भेसळ कशाला म्हणायचे आणि शुद्ध कशाला?

दुसरे मत याच्या उलट टोकाचे. 1983 साली दोन गाजलेली पुस्तके निघाली, बेनेडिक्ट अँडरसनचे 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' आणि हॉब्सबॉम व रेंजर यांनी संपादित केलेले 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन'. त्यानंतर विद्यापीठांतून अशी एक सवयच लागली की कोणतीही परंपरा पुढे आली की ती अलीकडे रचलेली आहे हे दाखवायचे आणि हात झटकून मोकळे व्हायचे. त्या ग्रंथकारांचे म्हणणे याहून सूक्ष्म होते, पण शिष्यांनी घेतले ते एवढेच. आम्हीही काही वर्षे त्या शिष्यांत होतो, हे कबूल करायला हवे. हर्डरची बाजू सोडली आणि सरळ पलीकडच्या काठावर जाऊन बसलो. पण जरा विचार करा. एखादी गोष्ट रचलेली आहे, एवढ्यावरून ती खोटी कशी ठरते? भाषा माणसांनीच घडवली; मराठी खोटी आहे का? वारसा कधी सुरू झाला याची तारीख सापडली म्हणून तो आज कोणासाठी काय करतो या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. शुद्धतावादी आणि भांडाफोड करणारे, दोघेही एकच चूक करतात. दोघांनाही वाटते की गाणे कोणाचे हे त्याच्या उगमावरून ठरते. एक म्हणतो उगम पवित्र, दुसरा म्हणतो उगम बनावट. उगमाजवळून कोणी हलतच नाही.

आमचे म्हणणे असे की गाणे कोणाचे, हे कळायला ते कोण सांभाळते ते बघावे. आणि सांभाळणे म्हणजे पेटीत ठेवणे नव्हे. सांभाळण्याच्या तीन खुणा आम्हाला दिसतात. एक, चुकले तर 'चुकलास' म्हणणारे कोणी आहे का? दुसरी, ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव आणि त्याचा वाटा त्याला पोचतो का? आणि तिसरी, ज्याचे आहे त्याला 'हे देणार नाही' म्हणता येते का? या तीन कसोट्या लावून फिनलंडची आजची उदाहरणे पाहू.

पहिली कसोटी लावायला काउस्तिनेनला जाऊ. पश्चिम फिनलंडातले हे गाव, वस्ती चार हजारांच्या आसपास. 1968 पासून तिथे दर उन्हाळ्यात लोकसंगीताचा महोत्सव भरतो. कोन्स्ता यूल्हा हा तिथला फिडलवादक त्या महोत्सवामुळे देशभर पोचला. त्याचे सर्वांत लोकप्रिय वॉल्ट्झ त्याने स्वतः रचलेले आहे. नाव माहीत, कर्ता माहीत, तरी ते लोकसंगीतच. कारण गाव ते वाजवते, प्रत्येक घर थोडे वेगळे वाजवते, आणि फार वेगळे वाजवले तर शेजारी कान टवकारतो. तिथली मुले कागदावरून शिकत नाहीत, कानाने शिकतात, मोठ्यांच्या शेजारी उभी राहून. माउनो यॅर्वेलॅ या वादकाने तिथे मुलांसाठी एक पद्धत घडवली आहे. नवशिके आणि पारंगत एकाच वेळी एकच धून वाजवतात, ज्याला जेवढे येते तेवढे त्याने वाजवायचे. डिसेंबर 2021 मध्ये काउस्तिनेनचे फिडलवादन युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. जे गेले त्यात एकही धून शुद्ध फिनिश उगमाची असल्याचा दावा नाही. वारसा ठरली ती शिकवण्याची रीत. आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. पोल्स्का कुठलीही असो, ती काउस्तिनेनची आहे, कारण तिथे ती चुकू शकते आणि दुरुस्त होऊ शकते.

राजधानीतही असाच एक प्रयोग झाला. पुन्हा 1983 सालीच हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि हाइक्की लाइतिनेन त्याचे प्रमुख झाले. विद्यापीठ म्हटले की भीती वाटते ती परंपरेला काचेच्या कपाटात घालण्याची. यांनी उलट केले. जुनी ध्वनिमुद्रणे ऐकायची, पाच तारांच्या कान्तेलेवर तासन् तास मनाने वाजवत राहायचे, आणि मग स्वतःचे संगीत रचायचे. परंपरा म्हणजे धुनांचा साठा असे न मानता ती संगीत करण्याची रीत आहे असे मानायचे. यावर आक्षेप घेता येतो, आणि घेतला पाहिजे. परीक्षा देऊन पदवी मिळवलेला लोकगायक हा 'लोक' राहतो का? तिथे 'चुकलास' कोण म्हणणार, परीक्षक? शेजाऱ्याची जागा परीक्षकाने घेतली की पहिली कसोटी लंगडी पडते, हे आम्हाला मान्य आहे. तरी ल्योनरोतच्या वेळी पुस्तकात गेलेला आवाज दीडशे वर्षांनी पुन्हा गळ्यात आला तो बराचसा या लोकांमुळे, हेही नोंदवले पाहिजे.

आता दुसरी कसोटी, नावाची आणि वाट्याची. वॅर्त्तिनॅ हा गट 1983 मध्येच पूर्वेकडच्या रॅक्कुलॅ या लहान गावात दोन बहिणींच्या पुढाकाराने सुरू झाला. 1991 च्या 'ओइ दाइ' या ध्वनिमुद्रिकेने तो देशभर आणि पुढे जगभर गेला. बायकांचे धारदार, एकमेकींना घासून जाणारे आवाज, पूर्वेकडच्या बोलीतले शब्द आणि रॉकचा जोर. पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे संगीत नाटक 2006 मध्ये टोरांटोत रंगमंचावर आले, तेव्हा त्याच्या संगीतात या गटाबरोबर आपले ए. आर. रहमान होते. वर्तुळ कसे पूर्ण झाले बघा. टोल्किनने विद्यार्थिदशेत 'कालेवाला' वाचले, कुल्लेर्वोच्या कथेने तो झपाटला, फिनिश भाषेच्या नादावर त्याने आपल्या कादंबरीतल्या एका भाषेचा घाट बसवला. त्या कादंबरीचे नाटक कॅनडात झाले आणि त्याला चेन्नईचा संगीतकार व कारेलियाच्या सीमेवरच्या गावातला गट यांनी मिळून संगीत दिले. कागदावर ही कथा फार गोड आहे. पण या वर्तुळात पारास्के कुठे आहेत? आर्हिप्पाचे वंशज कुठे आहेत? कारेलियन भाषेला फिनलंडने युरोपीय सनदेखालच्या अल्पसंख्य भाषांच्या यादीत घेतले ते 2009 साली. 'कालेवाला' निघाल्याला तेव्हा 174 वर्षे झाली होती. ज्या भाषेतली गाणी राष्ट्राचा पाया ठरली ती भाषा फिनिशचीच एक बोली म्हणून इतकी वर्षे दुर्लक्षिली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून फिनलंडात आली. त्यांतल्या कारेलियन बोलणाऱ्यांच्या मुलांनी शाळेत फिनिशच शिकावी, ही अपेक्षा होती. गाणे राष्ट्राचे झाले, भाषा मात्र घरातच मरू दिली. बाहेरच्या बाजारावर टीका करण्याआधी फिनलंडला, आणि कोणत्याही राष्ट्राला, हा घरचा हिशेब द्यावा लागेल.

बाहेरचा बाजार निर्दोष आहे असे नाही. 'इएवान पोल्का' हे गाणे आपल्यापैकी तरुणांनी नक्की ऐकलेले आहे, नाव माहीत नसेल. साव्हो भागातल्या बोलीतले, नाचाला चोरून गेलेल्या जोडीचे विनोदी गाणे. लोइतुमा या चौघांच्या गटाने ते 1995 मध्ये वाद्यांशिवाय गाऊन ध्वनिमुद्रित केले. 2006 मध्ये कुणीतरी त्याचा एक तुकडा घेतला, त्यावर कांद्याची पात फिरवणाऱ्या मुलीचे चलच्चित्र जोडले आणि ते जगभर फिरले. पुढच्या वर्षी जपानच्या हात्सुने मिकू या संगणकी आवाजाने ते गायले. पण तो तुकडा कोणता होता? बराचसा निरर्थक अक्षरांचा, तराण्यासारखा भाग. गोष्ट नाही, बोली नाही, गावची खोडी नाही. जगाने नेमके तेच उचलले ज्याला अर्थ नव्हता. इथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आम्ही हे प्रथम ऐकले तेव्हा चडफडलो. नंतर नातवाने ती अक्षरे धडाधड म्हणून दाखवली, आणि एकदा चुकला तेव्हा त्याच्या मित्राने त्याला थांबवून दुरुस्त केले. आमची पहिली कसोटी पुण्यातल्या एका जिन्यात पास झाली! म्हणजे बाजारात गाणे मरतेच असे नाही. पण तेवढ्याने ते आमच्या नातवाचे होत नाही, कारण दुसरी खूण तिथे नाही: ते कोणाकडून आले हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही सांगितल्यावर त्याने मूळ गाणे ऐकले. एवढे जरी प्रत्येक घरात झाले तरी पुष्कळ आहे.

तिसरी कसोटी, नकाराच्या हक्काची. ती फिनलंडच्या उत्तरेला सामी लोकांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. सामी हे तिथले आदिवासी. फिनलंडच्या राज्यघटनेने त्यांना तसे मान्य केले आहे. त्यांच्या गाण्याला योइक म्हणतात. चर्चने ते पाप ठरवले होते, आणि फिनिश राष्ट्रकथेत त्याला मुळीच जागा नव्हती. योइकबद्दल सामी लोक एक गोष्ट सांगतात, तिच्यावर आम्ही खूप विचार केला. आपण माणसा'बद्दल' गातो. सामी माणसा'ला' गातो. योइक हे त्या माणसाचे वर्णन नाही, ती त्याची उपस्थिती आहे. आणि म्हणून योइक ज्याने रचला त्याचा नसतो. ज्याला उद्देशून आहे त्याचा असतो. आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्याला हे उलटेपालटे वाटेल. कर्ता मालक नाही, विषय मालक. नील्स-आस्लाक वाल्केआपॅ या कवी-गायकाने 1968 मध्ये योइकची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा त्याने जुना प्रकार नव्या वाद्यांसह खुल्या बाजारात आणला. 1994 मध्ये लिलेहामरच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला त्याचा योइक जगाने ऐकला. बाजारात जायला त्याची हरकत नव्हती. पण जायचे की नाही हे ठरवणारा तो होता. पर्यटकांसाठी नकली सामी पोशाख घालून कोणी 'उत्तरेची गूढ गाणी' विकतो तेव्हा हा ठरवण्याचा हक्कच काढून घेतलेला असतो. पारास्केंच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. त्यांनी गाणे दिले, आनंदाने दिले. पण द्यायचे की नाही, असा प्रश्न त्यांना कोणी विचारण्यासारखा आहे असे त्या काळच्या भल्या माणसांना वाटलेच नाही.

म्हणून हर्डरला आमची दुरुस्ती अशी. गाण्यात समाजाचा आत्मा असतो, हे म्हणायला सुंदर आहे. पण आत्मा म्हटले की तो कोणाचाच नसतो आणि सगळ्यांचा असतो, आणि अशा वस्तूवर पहिला हात मारतो तो बलवान. 'आत्मा' हा शब्द काढून तिथे 'माणसे' हा शब्द घाला. अमुक गाव, अमुक बाई, अमुक शिक्षक, अमुक मूल. मग जागतिकीकरणाची भीती बरीच कमी होते आणि जबाबदारी बरीच वाढते. पोल्का आली, टँगो आला, रॉक आला, संगणक आला, याने फिनिश संगीत मेले नाही आणि मरणारही नाही. ते मरेल ते काउस्तिनेनच्या मोठ्या वादकाशेजारी उभे राहायला मूल उरले नाही तर. आणि ते खोटे ठरेल ते सामी आणि कारेलियन लोकांचे नाव गाळून 'आमचे प्राचीन' म्हणत मिरवले तर.

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी आज ऐकत असतील, तर त्यांना एवढेच सांगणे. त्या उत्तराला आम्ही दिलेले गुण परत मागत नाही. पण उत्तरात पारास्के हे नाव वाढवून घ्या. फिनलंडमध्ये दर वर्षी 28 फेब्रुवारीला कालेवाला दिन पाळतात, कारण ल्योनरोतने आपल्या पहिल्या प्रस्तावनेखाली ती तारीख घातली होती. संपादकाने सही केली तो दिवस राष्ट्राने लक्षात ठेवला. गाणाऱ्यांनी गायले त्या दिवसांची नोंद वह्यांमध्ये आहे, ती कोणीतरी उघडून वाचावी.

आम्ही इथेच थांबतो. आपले प्रश्न असतील, आणि मतभेद तर असणारच. ते अवश्य मांडा.